मोबाइल चोरीनंतरचे फसवे संदेश : ओळख आणि उपाय

बृहन्मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील सांताक्रूझ हे सदैव गजबजलेले ठिकाण आहे. पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग, रेल्वे स्थानकालगतची बाजारपेठ आणि जुहूकडे जाणाऱ्या बसगाड्यांची रांग. पूर्वेस वाकोला व कालिना या वस्त्या, मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आणि विमानतळ. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानकही या परिसरात सुरू झाले आहे. कार्यालयीन वेळेत लोकल गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या गर्दीत खिशातला मोबाइल नाहीसा होणे, रस्त्याने बोलत जाणाऱ्याच्या हातातून तो दुचाकीस्वाराने हिसकावून नेणे, किंवा गाडीच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगत उभ्या असलेल्या इसमाने फटका मारून तो खाली पाडणे, असे प्रकार मुंबईकरांस नवीन नाहीत. या शेवटच्या प्रकारामुळे 'फटका गँग' असा एक शब्दप्रयोगच शहराच्या बोलीत रूढ झाला आहे.

चोरी एका क्षणात घडते. तथापि तिचा दुसरा भाग त्यानंतर काही तासांनी, कित्येकदा आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतो. मालकाने नवे सिम घेतलेले असते, फोन परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडलेली असते, आणि अशा वेळी एक संदेश येतो : 'आपला हरवलेला फोन आज सुरू करण्यात आला आहे. त्याचे ठिकाण पाहण्यासाठी खालील लिंक उघडा.' ज्याची वस्तू गेली आहे त्याचा हात आपोआप त्या लिंककडे जातो. येथे जो फसतो त्याचे नुकसान फोनच्या किमतीवर थांबत नाही. त्याचे खाते, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि कधी कधी बँकेतील शिल्लकही धोक्यात येते. म्हणूनच हे संदेश कोण पाठवतो, का पाठवतो आणि ते आल्यावर काय करावे याची माहिती प्रत्येक नागरिकास असणे आवश्यक आहे.

चोरास संदेश का पाठवावा लागतो?

कुलूपबंद फोन हा चोराच्या दृष्टीने अपुरा माल असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वी चोरलेल्या फोनमधील सिम काढून टाकले आणि आतील माहिती पुसली की तो फोन सहज विकता येत असे. २०१३ साली ॲपल कंपनीने आयफोनमध्ये 'ॲक्टिव्हेशन लॉक' नावाची व्यवस्था आणली. अँड्रॉइड फोनमध्येही २०१५ पासून तशाच स्वरूपाचे संरक्षण येऊ लागले. या व्यवस्थेमुळे फोनमधील सर्व माहिती पुसून टाकली तरी तो पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड किंवा पडद्याचे कुलूप उघडणारा आकडा मागतो. तो मिळाल्याशिवाय फोन वापरता येत नाही.

अशा फोनचा पडदा, बॅटरी, कॅमेरा आदी सुटे भाग काढून विकता येतात. परंतु त्यांची किंमत चालू फोनच्या मानाने बरीच कमी येते. चालू फोनची किंमत आणि सुट्या भागांची किंमत यांतील ही तफावत हेच त्या संदेशामागील खरे कारण होय. फोन चोराच्या हाती असतो, परंतु त्याची किल्ली मालकाच्या डोक्यात असते. ती बळाने मिळवता येत नाही, म्हणून ती गोड बोलून, भीती घालून किंवा करुणा भाकून मागून घेतली जाते. अशा प्रत्येक संदेशाचा शेवट पासवर्ड, पडद्याचा आकडा, ओटीपी अथवा 'फोन आपल्या खात्यातून काढून टाका' यांपैकी कोणत्या तरी मागणीत होतो. ही मागणी दिसताच संदेश कितीही अधिकृत वाटला तरी त्याचा उगम ओळखावा.

मालकाचा क्रमांक कसा कळतो?

'माझा नवा क्रमांक त्यांना कसा समजला?' असा प्रश्न अनेकांना पडतो, आणि ज्याअर्थी क्रमांक ठाऊक आहे त्याअर्थी संदेश कंपनीचाच असला पाहिजे असा चुकीचा निष्कर्ष त्यातून काढला जातो. वस्तुतः क्रमांक कळण्याचे मार्ग अगदी साधे आहेत. बहुतेक लोक जुनाच क्रमांक नव्या सिमवर घेतात. चोरीच्या फोनमधील सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तो क्रमांक पाहून घेतलेला असतो. फोन हरवल्याचे कळताच घरची मंडळी त्यावर वारंवार फोन करतात, त्यांचे क्रमांक बंद पडद्यावरही दिसतात. फोन दूरवरून 'हरवला' म्हणून नोंदविताना संपर्कासाठी मालक जो क्रमांक देतो, तो तर पडद्यावर झळकतच असतो. याशिवाय आजारपणाच्या वा अपघाताच्या प्रसंगी उपयोगी पडावेत म्हणून नोंदविलेले नातेवाइकांचे क्रमांकही कुलूप न उघडता पाहता येतात.

यावरून एक महत्त्वाची दक्षता निघते. संपर्कासाठी पत्नीचा, मुलाचा अथवा वृद्ध आईवडिलांचा क्रमांक दिला असेल तर फसवा संदेश त्यांच्याकडे जाईल. यास्तव तो क्रमांक ज्याचा असेल त्याला त्याच दिवशी याची कल्पना देऊन ठेवावी.

संदेशांचे पाच प्रकार

या संदेशांची भाषा बदलत असते. पण त्यांचे प्रकार थोडेच आहेत.

पहिला प्रकार शुभवार्तेचा. फोन सापडला, फोन सुरू झाला, त्याचा नकाशा पाहा, असे त्यात लिहिलेले असते. सोबतची लिंक उघडल्यास कंपनीच्या पानासारखे हुबेहूब पान दिसते, तेथे खात्याचे नाव व पासवर्ड विचारला जातो आणि तो लिहिताक्षणीच चोराच्या साथीदाराकडे पोहोचतो. काही पानांवर पडद्याचा चार किंवा सहा अंकी आकडाही विचारला जातो.

दुसरा प्रकार धमकीचा. 'आपली छायाचित्रे व बँकेची माहिती आमच्या हाती आहे. फोन खात्यातून काढून टाकला नाही तर ती सर्वत्र पसरविली जाईल', असा त्याचा सूर असतो. येथे थोडा विचार केला तर संदेशातील विसंगती ध्यानात येते. फोन खरोखरच उघडला गेला असता तर तो खात्यातून काढून टाकण्याची विनंती करण्याची गरज उरली नसती. धमकी येते ती प्रायः कुलूप अद्याप शाबूत असल्यामुळेच. पण मालकाने घाबरून फोन खात्यातून काढला तर ते संरक्षण त्याच्याच हाताने नाहीसे होते.

तिसरा प्रकार करुणेचा. 'मी हा फोन जुन्या बाजारात विकत घेतला, तो चोरीचा आहे हे मला ठाऊक नव्हते, मी गरीब आहे, कृपया कुलूप काढून द्या', असे सांगितले जाते. हे म्हणणे खरे असले तरी त्यावरील उपाय कुलूप काढून देणे हा नव्हे. अशा व्यक्तीने फोन जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा, एवढेच तिला कळवावे आणि तो संदेश तपासी अधिकाऱ्यास दाखवावा.

चौथा प्रकार अधिकाराचा. पोलीस खात्यातून, मोबाइल कंपनीतून अथवा सेवा केंद्रातून बोलत असल्याचे सांगून 'आपला फोन मिळाला आहे, ओळख पटविण्यासाठी ओटीपी सांगा' किंवा 'पाठवणीचा खर्च भरा' अशी मागणी केली जाते. पोलिसांना फोन परत करण्यासाठी मालकाच्या ओटीपीची अथवा पासवर्डची गरज नसते. असा फोन आल्यास बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा व ठाणे लिहून घ्यावे, संभाषण थांबवावे आणि ज्या ठाण्यात तक्रार दिली तेथे स्वतः जाऊन खात्री करावी.

पाचवा प्रकार मालकाऐवजी त्याच्या परिचितांना उद्देशून असतो. फोन उघड्या अवस्थेत हिसकावला गेला असेल अथवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून व्हॉट्सॲपचे खाते ताब्यात घेतले असेल, तर मालकाच्या नावाने 'मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठव' असे संदेश जातात. सांताक्रूझ-वाकोल्यात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांचे आईवडील कोकणात वा घाटावर गावी असतात. मुंबईत झालेल्या चोरीची बातमी गावी पोहोचण्यापूर्वी पैशाची मागणी पोहोचते, हे या प्रकाराचे खरे बळ आहे.

पत्ता वाचण्याची सवय

फसव्या लिंकमध्ये कंपनीचे नाव असतेच. परंतु ते कोठे आहे याला महत्त्व आहे. घराच्या पाटीवर 'मंत्रालय' असे लिहिले म्हणून ते घर मंत्रालय होत नाही. टपालाच्या पत्त्यात शेवटी येणारे गाव जसे खरे ठिकाण सांगते, तसेच संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी येणारे शब्द खरा मालक सांगतात. त्यापूर्वी डावीकडे 'आयक्लाउड', 'फाइंड', 'पोलीस', 'सपोर्ट' असे कोणतेही शब्द जोडता येतात, त्यांना काही अर्थ नाही. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता साधारणपणे 'गव्ह डॉट इन' या अक्षरांनी संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ साली 'बँक डॉट इन' असा स्वतंत्र शेवट ठरवून दिला.

तथापि प्रत्येकास अशी परीक्षा करता येईलच असे नाही, आणि चिंतेच्या क्षणी जाणकाराचीही नजर चुकते. त्यासाठी अधिक सोपा नियम असा : फोन चोरीस गेल्यानंतर त्या फोनविषयी आलेल्या संदेशातील कोणत्याही लिंकवरून कोठेही जाऊ नये. फोनचे ठिकाण पाहावयाचे असेल तर आयफोनसाठी ॲपलच्या आणि अँड्रॉइडसाठी गुगलच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून तेथे जावे. खरी सूचना असेल तर ती तेथेही दिसेल. तेथे दिसत नसेल तर ती सूचना खोटी समजावी.

पहिल्या तासातील कामे

संदेशांचे उपद्रवमूल्य चोरीनंतरच्या पहिल्या तासात काय केले जाते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. सोबत्याच्या, दुकानदाराच्या अथवा स्थानकावरील एखाद्या परिचिताच्या फोनवरून पुढील कामे करता येतात. दोन माणसे असतील तर ती एकाच वेळी करावीत.

बोलता बोलता किंवा वापर चालू असताना फोन हिसकावला गेला असेल तर तो उघडा आहे असे धरून प्रथम दूरवरून त्यास कुलूप लावावे व तो 'हरवला' म्हणून नोंदवावा. फोन इंटरनेटला जोडलेला असेपर्यंतच हा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचतो. यानंतर लगेच मोबाइल सेवा कंपनीच्या ग्राहक केंद्रास फोन करून सिम बंद करावे. उलटपक्षी, खिशातून गेलेला फोन आधीपासून कुलूपबंद असेल तर सिम बंद करण्याचे काम अगोदर करावे. कारण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी त्या फोनवर येऊ लागतात.

तिसरे काम बँकेचे. ज्या ज्या बँकेत खाते असेल तेथील मोबाइल बँकिंग, यूपीआय व कार्डे बंद करण्यास सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. यूपीआयद्वारे पैसे पाठविण्यास पिन लागतो हे खरे. पण छोट्या रकमांसाठीच्या यूपीआय लाइटमध्ये तो लागत नाही. शिवाय नवा पिन ठरविताना डेबिट कार्डावरील अंक व ओटीपी उपयोगी पडतात. मोबाइलच्या कव्हरमध्येच डेबिट कार्ड खोचून ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. अशा वेळी कार्ड आणि सिम दोन्ही एकदमच चोराच्या हाती जातात.

चौथे काम म्हणजे ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित फोनवरून अथवा संगणकावरून बदलणे. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ई-मेलच्या आधारे बदलता येतात, म्हणून तो आधी सुरक्षित केला पाहिजे. पाचवे काम, कुटुंबीय, कार्यालय व व्हॉट्सॲपवरील गटांना कळविणे. 'माझा फोन चोरीस गेला आहे. माझ्या नावाने पैशाची मागणी आल्यास देऊ नये', एवढे एक वाक्य अनेकांचे नुकसान टाळते.

नवे सिम मिळाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. कोणी परस्पर दुसरे सिम काढलेच तर त्याला ओटीपी मिळू नयेत यासाठी ही व्यवस्था आहे. त्यामुळे या काळात ओटीपी आला नाही तर गोंधळून जाऊ नये, आणि 'एसएमएस सुरू करून देतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पोलिसांकडील नोंद

फोन चोरीस गेला असेल तर तो 'गहाळ झाला' असे सांगून मोकळे होणे योग्य नव्हे. गहाळ वस्तूची नोंद व चोरीचा गुन्हा या दोन वेगळ्या बाबी आहेत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ चोरीविषयी आहे, कलम ३०४ हिसकावून नेण्याविषयी स्वतंत्रपणे आहे, आणि प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीसाठी कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. लोकल गाडीतील मोबाइल चोरी या शेवटच्या प्रकारात मोडते.

सांताक्रूझमध्ये रस्त्यावर चोरी झाल्यास पश्चिमेकडे सांताक्रूझ पोलीस ठाणे व पूर्वेकडे वाकोला पोलीस ठाणे आहे; रेल्वेच्या हद्दीतील चोरीसाठी लोहमार्ग पोलीस आहेत. परंतु हद्दीचा निर्णय नागरिकाने करीत बसण्याचे कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. ही माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र ती देणाऱ्याने तीन दिवसांत त्यावर सही करावयाची असते. फिर्यादीत फोनचा आयएमईआय क्रमांक, सिमचा क्रमांक, वेळ व ठिकाण नमूद करावे आणि प्रत मागून घ्यावी. पुढे आलेले फसवे संदेश पुसून न टाकता त्यांची छायाचित्रे घेऊन तपासी अधिकाऱ्याकडे द्यावीत. संदेश ज्या क्रमांकावरून आला तो क्रमांक व लिंकचा पत्ता हे तपासातील दुवे ठरू शकतात.

दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली, आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६-डी खाली गुन्हा आहे. दोहोंसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सारांश, फसवा संदेश पाठविणे हा मूळ चोरीहून निराळा गुन्हा असून त्याची तक्रारही निराळी देता येते.

आयएमईआय आणि 'संचार साथी'

प्रत्येक मोबाइल फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनच्या खोक्यावर व बहुधा बिलावर तो छापलेला असतो. फोनवर तारांकित चिन्ह, चौकट चिन्ह, ०६ आणि पुन्हा चौकट चिन्ह दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. या क्रमांकाच्या आधारे चोरीचा फोन देशातील सर्व मोबाइल जाळ्यांवर बंद करणारी केंद्रीय नोंदवही दूरसंचार विभागाने तयार केली असून तिचा प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाला. मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळाद्वारे ती सर्व देशासाठी खुली झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे ॲपही आले.

पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र व आयएमईआय क्रमांक यांसह येथे विनंती नोंदविता येते. जुन्याच क्रमांकाचे नवे सिम जवळ असावे लागते, कारण खात्रीसाठीचा ओटीपी त्यावर येतो. विनंती मान्य झाल्यावर साधारणपणे २४ तासांत फोन बंद होतो. बंद केल्याने पोलिसांच्या शोधात अडथळा येत नाही, आणि फोन मिळाल्यावर तो याच मार्गाने पुन्हा सुरू करून घेता येतो. डिसेंबर २०२५ मध्ये देण्यात आलेल्या शासकीय माहितीनुसार तोपर्यंत देशात सुमारे २६ लाख फोनांचा माग लागला होता आणि सात लाखांहून अधिक फोन मालकांना परत मिळाले होते. माग लागणे आणि वस्तू हाती येणे यांत अंतर आहे, हे या आकड्यांवरून दिसते. फोन मिळाल्याचा संदेश आला म्हणून हुरळून का जाऊ नये, याचेही उत्तर त्यातच आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही जाणून घ्यावी. आयएमईआय बंद झाल्याने फोन मोबाइल जाळ्यावर चालत नाही. परंतु त्यातील माहिती पुसली जात नाही आणि वाय-फायवर तो चालू शकतो. म्हणून आयएमईआय बंद करणे हा खात्याच्या कुलपाचा पर्याय नव्हे. दोन्ही हवीत. आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे हा दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र असलेला गुन्हा आहे.

फसगत झाल्यास

एखाद्याने पासवर्ड लिहून दिलाच, तर लाजेने गप्प बसू नये. दुसऱ्या साधनावरून तत्काळ पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड अन्यत्र वापरला असेल तर तेथेही बदलावा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार द्यावी. बँकेचे नाव, खाते, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलविली जाते; ती पुढे जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर वाटेत अडवून ठेवता येते. येथे तासाचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. पैसे गेलेले नसतील, केवळ संदेश आला असेल, तर 'संचार साथी'वरील 'चक्षु' या सोयीद्वारे तो कळविता येतो.

ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून तत्त्वे घालून दिली. ग्राहकाचा अथवा बँकेचा दोष नसताना अन्य मार्गाने रक्कम गेली आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर भार पडू नये, असे त्यात सांगितले आहे. ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. मात्र कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे दोन्ही बाबतींत बँकेस कळविण्याची वेळ निर्णायक ठरते. त्यामुळे तक्रार लेखी द्यावी व तिची पोच जपून ठेवावी.

शाळा, कार्यालय व ग्रामपंचायत

हा विषय केवळ महानगराचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. शहरात चोरीस गेलेले फोन ग्रामीण बाजारात बिलाविना स्वस्तात विकावयास येऊ शकतात. जुना फोन घेणाऱ्याने बिल मागावे आणि 'केवायएम' ही रोमन अक्षरे, जागा सोडून १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ या क्रमांकावर पाठवून फोनची स्थिती पाहावी. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. गिऱ्हाईक कमी झाले की चोरीचा किफायतशीरपणाही कमी होतो.

ग्रामपंचायतीने ग्रामसभेत पंधरा मिनिटे या विषयास द्यावीत. मुंबईस असलेल्या मुलाच्या नावाने पैशाची मागणी आली तर त्याच क्रमांकावर उत्तर न देता कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीच्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारणा करावी, हा एक नियम घराघरांत पोहोचला तरी पुष्कळ साधेल. १९३० हा क्रमांक पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहावा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी अथवा मुख्याध्यापक यांचा फोन चोरीस गेल्यास त्यांच्या नावाने गावच्या गटावर येणारा संदेश लोक विनाशंका मानतात. म्हणून त्यांनी ही बातमी सर्वांआधी कळविली पाहिजे. शासकीय कर्मचाऱ्याच्या फोनवर कार्यालयीन ई-मेल वा अन्य प्रणाली असतील तर वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवावे.

शिक्षकांना एका तासिकेत हा पाठ घेता येईल. फळ्यावर एक खरा व एक बनावट पत्ता लिहून विद्यार्थ्यांकडून मालक ओळखून घ्यावा. पाचही प्रकारचे संदेश वाचून दाखवून प्रत्येकात मागणी कोणती आहे ते शोधण्यास सांगावे. आणि घरातील प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून आणण्याचा गृहपाठ द्यावा. ही वही पुढे फिर्यादीच्या वेळी उपयोगी पडेल.

आधीच करून ठेवावयाच्या गोष्टी

१. सिमला पिन लावावा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय ते चालत नाही. मात्र मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम बंद होते.

२. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी. नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताही वाचता येतो.

३. व्हॉट्सॲपला सहा अंकी दुसरा पिन लावावा.

४. डेबिट कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये आणि पिन वा पासवर्ड फोनमधील छायाचित्रांत ठेवू नये.

५. फोन दूरवरून शोधण्याची व कुलूप लावण्याची सोय सुरू आहे की नाही ते एकदा स्वतः करून पाहावे.

६. आयएमईआय क्रमांक, बँकेचा मदत क्रमांक आणि घरातील एक क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. एक तरी क्रमांक तोंडपाठ असावा.

७. चोरीस गेलेला फोन कोणाच्याही सांगण्यावरून आपल्या खात्यातून काढून टाकू नये.

फोन परत मिळणे हे पोलीस तपासावर व कधी योगायोगावर अवलंबून असते. ते मालकाच्या हाती नाही. किल्ली न देणे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. मालकाने ती दिली नाही, तर चोराच्या हाती केवळ सुटे भाग उरतात. दिली, तर एका चोरीच्या दोन चोऱ्या होतात. सांताक्रूझच्या फलाटावर असो वा कोकणातल्या एखाद्या वाडीत, संदेश वाचताना त्यात काय सांगितले आहे यापेक्षा काय मागितले आहे हे पाहण्याची सवय लोकांमध्ये रुजविणे, हे या क्षेत्रातील लोकशिक्षणाचे मुख्य काम आहे.